चाकांवरच्या घराची आतली सफाई



गेल्या दोन महिन्यांत आपल्या संघाकडे दोन ठिकाणांहून एकाच प्रकारच्या कामाची विचारणा आली. एक, शूटिंगसाठी येणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनच्या आतल्या सफाईची. दुसरी, पर्यटकांना फिरवणाऱ्या एका कॅरव्हॅनची, जी दर आठवड्याला पन्हाळ्याच्या बाजूला मुक्कामाला असते. प्रभाग संघाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “आगं, गाडी ती. बादलीभर पाणी मारलं की झालं. त्यात काय शिकायचंय?” सगळ्या हसल्या. पण बाहेरून गाडी धुणं आणि गाडीच्या आतलं घर सांभाळणं यात लई फरक आहे, आणि तो नीट कळल्याशिवाय कुठल्याच गटाने हे काम घेऊ नये असं मला वाटतं. म्हणून या अंकातला पाठ त्यावरच.

कॅरव्हॅन म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. आत पलंग, छोटा ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं असतं. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे नाव आपल्याकडेही कानावर येऊ लागलं. पुणे–बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरवरून जातो. अंबाबाईचं दर्शन, जोतिबा, पन्हाळा, राधानगरी, दाजीपूर, नृसिंहवाडी अशी ठिकाणं जवळ जवळ आहेत, त्यामुळे अशा गाड्या इकडे वळतात. व्हॅनिटी व्हॅन मात्र आपल्याला नवी नाही. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती कोल्हापुरातच. मोरेवाडीला चित्रनगरी आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’चं शूटिंग वसगड्याच्या वाड्यात चालायचं, तेव्हा तिकडच्या बायकांनी या लांबलचक गाड्या बाहेरून भरपूर बघितल्या असतील. आत बहुधा दोन-तीन खोल्या पाडलेल्या असतात. प्रत्येकीत मोठा आरसा, भोवती दिवे, बसायला रेक्झिनचा सोफा, एसी आणि कोपऱ्यात इवलंसं बाथरूम.

आधी हवा, मग पाणी

या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे आतली हवा.

हिशोब करून बघा. आपली साधी खोली दहा बाय बारा फुटांची आणि नऊ फूट उंच धरली तर तिच्यात १०८० घनफूट हवा मावते. व्हॅनमधलं बाथरूम तीन बाय तीनचं, उंची साडेसहा फूट. त्यात जेमतेम ५८ घनफूट. म्हणजे खोलीतल्या हवेचा साधारण १८ वा हिस्सा. घरच्या मोरीत ॲसिड टाकलं की नाकाला झोंबतं, आपण पदर लावतो आणि काम उरकतो. तेवढंच ॲसिड या डब्यात टाकलं तर त्याचा दर्प अठरा पट दाट. वर खिडकी नाही, आणि असली तरी उघडत नाही.

आता मुख्य धोका. संडास घासायच्या बऱ्याच बाटल्यांवर बारीक अक्षरात ‘हायड्रोक्लोरिक ॲसिड’ लिहिलेलं असतं. ब्लीचच्या बाटलीवर ‘सोडियम हायपोक्लोराइट’. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. “एकाने पिवळेपणा जातो, दुसऱ्याने जंतू मरतात, म्हणून दोन्ही टाकलं” असं मी गावोगाव ऐकते. घरच्या उघड्या मोरीत आजवर निभावलं असेल. व्हॅनच्या बाथरूममध्ये निभणार नाही. क्लोरीन हवेपेक्षा जड आहे. तो वर उडून जात नाही, खाली साचतो. आणि आपण फरशी घासताना कुठे असतो? उकिडवं बसलेलो, तोंड खाली करून. बरोबर तिथेच.

ब्लीचमध्ये व्हिनेगर टाकलं तरी हेच होतं. काच पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो, त्याचं आणि ब्लीचचंही जमत नाही, त्यातूनही विषारी वायू निघतो. नियम साधा ठेवा: एका दिवशी, एका बाथरूममध्ये, एकच औषध. ॲसिडचं वापरलं तर ब्लीचची बाटली गाडीत चढवायचीच नाही. डोळे चुरचुरायला लागले, खोकला आला, छातीत आवळल्यासारखं झालं, तर बाटली बंद करत बसू नका. हातातलं टाकून बाहेर या, जोडीदारणीला ओढून आणा, मोकळ्या हवेत बसा, डोळे साध्या पाण्याने धुवा. दम लागत असेल तर १०८ ला फोन. “थोडं राहिलंय, उरकून येते” ही आपल्या बायकांची सवय इथे जिवावर बेतू शकते.

दुसरा वायू तर वासालाही कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसी चालावा म्हणून जनरेटर चालू ठेवलेला होता, त्याचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला असं तपासात पुढे आलं. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं उन्हाने झालं असेल. म्हणून ड्रायव्हरदादांना आधीच सांगायचं, “आम्ही आत असेपर्यंत जनरेटर बंद.” उकडेल, घाम येईल, येऊ दे. उजेड हवा असेल तर दारं उघडी ठेवा, सकाळी काम घ्या. बॅटरीवरचे दिवेही चालतात.

ज्या कॅरव्हॅनमध्ये गॅसचा सिलिंडर आहे, तिथे तिसरी गोष्ट. स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड, तोही खालीच साचतो. दार उघडल्या उघडल्या गॅसचा वास आला तर आत जायचं नाही, दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. ड्रायव्हरला हाक मारा, लांब उभ्या राहा. गॅसगळतीचा तातडीचा नंबर १९०६ आहे, तो घरासाठीही पाठ असू द्या.

म्हणजे पहिलं काम झाडू नाही. सगळी दारं, खिडक्या, छताची झडप उघडायची आणि पंधरा-वीस मिनिटं बाहेर थांबायचं. तेवढ्या वेळात गाडीच्या आतले फोटो काढून घ्या. ते कशाला, हे पुढे सांगते.

पोतेरं घरी ठेवा

आपल्याला भरपूर पाण्याची सवय. बादली ओतली, खराटा मारला, लख्ख झालं. गाडीच्या आत फरशी नसते. खाली प्लाय असतो, त्यावर व्हिनाइलचा पातळ थर चिकटवलेला. कपाटंही प्लायची, वरून सनमायका. कडेच्या सांध्यातून पाणी आत गेलं की प्लाय फुगतो, सनमायकाचे पोपडे सुटतात आणि मालक म्हणतो बायकांनी गाडी खराब केली. तो खोटं बोलत नसतो. ओलं पोतेरं म्हणजे प्लायचं मरण.

म्हणून आधी कोरडं काम. वरून खाली या: छत, दिवे, कपाटांची वरची बाजू, आरसा, सोफा, मग जमीन. झाडूपेक्षा छोटा व्हॅक्यूम बरा, कारण झाडूने धूळ उडते आणि बंद जागेत परत तिथेच बसते. व्हॅक्यूम नसेल तर दमट फडक्याने टिपून घ्या. मग घट्ट पिळलेलं फडकं, इतकं घट्ट की पुसलेली जागा आपल्या डोळ्यांदेखत दोन-तीन मिनिटांत वाळली पाहिजे. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. जास्त फेस केला की तो काढायला जास्त पाणी लागतं. फिनेलचा मारा तर नकोच. बऱ्याच जणींना वास आला की स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. त्या डब्यासारख्या खोलीत मेकअपला तासभर बसणाऱ्या माणसाचं डोकं मात्र धरतं.

सोफ्याच्या रेक्झिनला थिनर, स्पिरिट, पेट्रोल लावू नका. डाग जातो, पण रेक्झिन कडक होऊन तडकतं. मेकअपचा डाग तेलकट असतो, त्याला कोमट पाणी आणि लिक्विड पुरे. मऊ फडक्याने गोल गोल न घासता बाहेरून आत टिपत या, नाहीतर डाग पसरतो. बेसिनच्या जाळीत केस आणि पावडर अडकून गोळा होतो. तो चिमट्याने बाहेर काढा, ॲसिड ओतून पुढे ढकलू नका. पुढचा पाइप लहान असतो.

खिडकीची गंमत सांगते. कॅरव्हॅनच्या खिडक्या पुष्कळदा काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या असतात. नखाने टिचकी मारून बघा: काच टणक, थंड वाटते, ॲक्रिलिकचा आवाज बद्द येतो. काचेला आपली जुन्या वर्तमानपत्राची युक्ती चालेल. ॲक्रिलिकवर कोरडा कागद घासला की बारीक ओरखडे पडतात, आणि अमोनियावाल्या किंवा स्पिरिटवाल्या फवाऱ्याने तर त्याच्यात जाळीसारखे तडे येतात. तिथे साबणाचं पाणी आणि धुऊन मऊ झालेलं जुनं सुती फडकं. आईच्या जुन्या नऊवारीला तोड नाही.

एसीची जाळी काढून धुवायची आणि सावलीत पूर्ण वाळवूनच बसवायची. विजेची बटणं, आरशाभोवतीचे दिवे पुसण्याआधी मेन बंद करायला लावा, आणि तो बंद झालेला आपल्या डोळ्यांनी बघा.

पावसाळ्यातली ओल

आपल्याकडचा पाऊस काय असतो ते गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या ताईंना सांगायला नको. जूनपासून भिंतीला, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला, चपलेला, सगळ्याला बुरशी. गाडी तर बंद पेटी. लोक आत झोपतात, अंघोळ करतात, चहा उकळतात, ती सगळी वाफ आत राहते आणि रात्री गार पत्र्याच्या भिंतीवर थेंब होऊन उतरते. ते पाणी गादीच्या खाली जाऊन बसतं. म्हणून कॅरव्हॅनमध्ये शिरलं की आधी गादी उचला. वरून चादर कडक इस्त्रीची आणि खाली काळे ठिपके, असं होऊ शकतं. गादी भिंतीला टेकवून उभी करा, खालच्या फळीला वारा लागू द्या. पलंगाखालचे कप्पे, सोफ्याच्या मागची फट, सिंकखालचा कोपरा, या तीन ठिकाणी हात घालून बघा. कुबट वास येत असेल तर ओल नक्की आहे.

बुरशी कोरड्या ब्रशने घासू नये. तिची पूड उडते, ती श्वासात जाते आणि दुसऱ्या जागी उगवते. तोंडाला मास्क, हातात मोजे, साबणाच्या पाण्याने पुसायचं, ते फडकं पिशवीत घालून बाजूला काढायचं, आणि जागा कोरडी करायची. दम्याचा त्रास असलेल्या बाईने हे काम घेऊच नये, गटाने तिला दुसरं द्यावं. आणि एक: बुरशी परत परत त्याच जागी येत असेल तर ती सफाईने जाणार नाही. कुठेतरी छत किंवा पाइप गळतोय. तसं मालकाला लिहून द्या. नाहीतर दर वेळी बोल आपल्यालाच लागणार.

पाऊस चालू असताना दारं उघडी ठेवता येत नाहीत, मग काय? गाडी शेडखाली किंवा मंगल कार्यालयाच्या पोर्चमध्ये लावून मागा. नाहीतर त्या दिवशी फक्त कोरडं काम करा.

पाण्याची टाकी

कॅरव्हॅनमध्ये पिण्या-वापराच्या पाण्याची टाकी असते. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की त्यातलं पाणी शिळं होतं, आत चिकट थर धरतो. टाकी धुण्याचं काम आपण घेऊ शकतो, त्याचं प्रमाण लिहून ठेवा. वास न घातलेलं साधं ब्लीच, लेबलवर साधारण ५ टक्के असेल, तर १ लिटर पाण्याला १ मिली. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला १०० मिली. टाकी पूर्ण भरायची, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडून मग बंद करायचा, म्हणजे पाइपातही औषध जातं. तीन-चार तास तसंच ठेवायचं. मग सगळं सोडून द्यायचं आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा, वास जाईपर्यंत, धुवायचं. हे झाल्यावर त्याच दिवशी ॲसिडने बाथरूम घासायचं नाही, कारण वर सांगितलंय.

ओटा, दाराच्या कड्या, बाथरूमचं हँडल यांना यापेक्षा जास्त तेज लागतं. असंच ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली घेऊन त्यात १ लिटर होईपर्यंत पाणी घाला. हे पाणी रोज ताजं करायचं. कालचं बाटलीत ठेवलेलं काम करत नाही.

हे काम घ्यायचं नाही

आता जरा परखड बोलते. संडासाची सफाई म्हणजे भांडं, सीट, बाथरूमची जमीन. तेवढं आपण मोजे घालून करू. पण त्याखाली मैल्याची टाकी असते, किंवा काढता येणारा डबा असतो. तो रिकामा करणं, आत हात घालणं, काठीने ढवळणं हे आपलं काम नाही. “ताई, तेवढं पण करून टाका, शंभर जास्त देतो” असं कोणी म्हणेल. माणसाच्या हाताने मैला काढायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांच्या डोक्यावर हे काम लादलं गेलं, त्यांनी ते टाकून दिलं. ते नव्या गाडीतून, गोड बोलून परत आपल्या दारात यायला नको. ती टाकी पाइप लावून, झडप उघडून, सक्शन टँकरमध्ये किंवा ड्रेनेजच्या जोडणीत सोडायची असते, आणि ती जबाबदारी गाडीवाल्याची. ओढ्यात, उसाच्या पाटात सोडताना दिसले तर आपण बोलायचं. पंचगंगेत आधीच काय कमी जातंय?

एकटीने काम घ्यायचं नाही, हेही इथेच लिहिते. कायम दोघी. शूटिंगचं पॅकअप रात्री होतं आणि सफाईचा फोन तेव्हाच येतो. रात्री नऊनंतर काम असेल तर घरापर्यंत गाडी सोडणार का, हे आधी ठरवा. नाही म्हणाले तर सकाळी येतो म्हणा. गाडीत कोणी बसलेलं असेल तर ते बाहेर पडल्यावरच आत जायचं. छेडछाड, घाणेरडं बोलणं झालं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्यासारख्या असंघटित बायकांनाही लागू आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. महिला हेल्पलाइन १८१, पोलिसांसाठी ११२.

फोटोंचं आता सांगते. व्हॅनमध्ये कानातलं, घड्याळ, चार्जर, पैशाचं पाकीट विसरलेलं असतं. हरवलं की पहिलं बोट सफाईवालीकडे जातं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी फोटो, झाल्यावर फोटो, सापडलेली वस्तू जोडीदारणीसमोर पिशवीत, आणि ड्रायव्हरची वहीत सही. हे विश्वास नाही म्हणून नाही. उद्या कोणी बोललं तर मान खाली घालावी लागू नये म्हणून.

दर कसा सांगायचा

एका गाडीवाल्याने “पाचशे देतो, चादरी धुऊन” असं सांगितलं आणि बैठकीत दोघी-तिघी तयार झाल्या. जरा मांडून बघू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपापल्या गावच्या मजुरीप्रमाणे बदला.

समजा दोघींचा अर्धा दिवस, प्रत्येकी ३५० प्रमाणे ७०० रुपये. मोजे, मास्क, फडकी, लिक्विड मिळून १२०. येणं-जाणं १००, एसटीला आपल्याला अर्धं तिकीट असलं तरी आडमार्गाला रिक्षा लागतेच. चार चादरींची धुलाई आणि इस्त्री १२०. झाले १०४०. त्यावर गटाचा १० टक्के वाटा १०४. म्हणजे ११५० च्या आसपास. आता तेच पाचशेत घेतलं तर साहित्य, प्रवास आणि चादरींचा खर्च जाऊन हातात राहतात १६०. दोघींत ८०-८०. अर्ध्या दिवसाला! भांगलणीला गेलं तरी जास्त सुटतील.

चादरी, पडदे यांची धुलाई वेगळी लावा, एकात एक मिसळू नका. पाण्याच्या टाकीचं काम वेगळं. बुरशी जास्त असेल तर गाडी बघूनच दर सांगा, फोनवर नाही. बिल गटाच्या नावाने द्या आणि पैसे गटाच्या खात्यावर घ्या, म्हणजे पुढे बँकेत कर्जाच्या वेळी हा व्यवहार दिसतो.

पुढच्या मासिक बैठकीला येताना घरात संडास-मोरीसाठी वापरता ती प्रत्येक बाटली घेऊन या, अर्धी असली तरी, झाकण घट्ट लावून. वाचता येणाऱ्या ताई लेबलं मोठ्याने वाचतील, आणि ॲसिडच्या बाटलीला लाल, ब्लीचच्या बाटलीला पांढरी चिंधी बांधू. चिंध्या मी आणते.

— तुमची क्षेत्र समन्वयक